डिकीतला खर्ज

“पोर बघते छान, पण ऐकते का गं ती?” जिनाइदा स्तेपानोव्नांनी असं विचारलं तेव्हा बुरुलाय जिना चढत होती. एका हातात बटाट्यांची पिशवी, कडेवर नऊ महिन्यांची आयपेरी आणि दातांत दाराची किल्ली. त्यामुळे तिला लगेच उत्तर देता आलं नाही, आणि विचारलं काय ते नीट कळण्याआधीच उत्तर देता न आल्याचा राग आला. पहिल्या मजल्यावरच्या या म्हातारीनं चाळीस वर्षं संगीतशाळेतले पियानो सुरात लावून दिले होते. आता लावायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती दार उघडं टाकून जिन्यातले आवाज ऐकत बसायची. कोणाचा नळ गळतो, कोणाच्या नवऱ्याचं पाऊल आज जड पडलं, सगळं तिला ठाऊक. ती म्हणाली, आत्ता तुझ्या पाठीमागे माझा किल्ल्यांचा जुडगा पडला, तू दचकलीस, पोरीनं पापणीसुद्धा हलवली नाही. बुरुलायनं दातांतली किल्ली हातात घेतली आणि हसून सांगितलं की, शांत आहे हो ती, बापाच्या वळणावर गेलीय. वर आल्यावर तिनं हे सासूला गंमत म्हणून सांगितलं. आपा हसल्या नाहीत. त्यांनी जुन्या तव्यात अर्चाची, डोंगरातल्या त्या सुगंधी सूचिपर्णी झाडाची, वाळकी डहाळी पेटवली आणि तिचा धूर पोरीवरून तीनदा फिरवला. ज्यांना स्वतःचं मूल नसतं त्यांची नजर अशीच लागते, म्हणाल्या. विद्यापीठात पाच वर्षं भौतिकशास्त्र शिकलेली बुरुलाय खोकत खोकत पोरीला त्या धुरात धरून उभी राहिली. धूर निवला तेव्हा तिला फार बरं वाटलं. पुढे सात महिने ते बरं वाटणं टिकलं, आणि आता तिला राग येतो तो त्याचाच.

सात महिन्यांनी, एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी, तिच्या नवऱ्यानं, एर्मेकनं, गाडीच्या बॅटरीची काढून ठेवलेली वायर परत जोडली आणि गाडीचा भोंगा बोंबलला. चोरासाठी बसवलेला भोंगा तो. वीज तोडून पुन्हा दिली की त्याला वाटतं कोणी चोरच आला. बॉनेट उघडं होतं, भोंगा आत दोन हातांवर, आणि मागच्या सीटवर आयपेरी झोपलेली. बुरुलायच्या हातातली टॉर्च खाली पडली. टपऱ्यांच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, अंगणाकडेनं वाहणाऱ्या पाटाच्या काठी झोपलेला कुत्रा उठून दुसऱ्याच कोणावर भुंकायला लागला, आणि तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून आपांनी विचारलं की, मॉस्कोत पाच वर्षं राहून हेच शिकून आलास का? एर्मेकनं धावत जाऊन भोंगा बंद केला. मग दोघांनी एकदमच मागच्या काचेतून आत पाहिलं. आयपेरी तशीच झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, एक मूठ गालाखाली. एर्मेकच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. “बघ काय काळीज आहे पोरीचं. तोफ डागली तरी हलायची नाही.” बुरुलायही हसली. हसताना आपले गाल वर गेलेत आणि डोळे मात्र जागेवरच आहेत हे तिचं तिला जाणवलं. टॉर्च उचलायला ती वाकली, तेव्हा टॉर्च सापडायला फार वेळ लागला, कारण ती टॉर्च शोधतच नव्हती. ती खाली वाकून, जमिनीकडे बघत, मनातल्या मनात किल्ल्यांचा एक जुडगा पुन्हा पुन्हा पाडत होती.

एर्मेकला येऊन तीन आठवडे झाले होते. आयपेरी पोटात असताना तो गेला होता, म्हणजे या खेपेला. त्याआधीही दोनदा गेला होताच. तिथे तो गाड्यांमध्ये स्पीकर बसवायच्या दुकानात काम करायचा, आणि परत येताना त्यानं घरासाठी म्हणून एक अ‍ॅम्प्लिफायर आणि रजईत गुंडाळलेले दोन मोठे वूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, आणले. लोक मॉस्कोहून बायकोला कोट आणतात, आमच्या चिरंजीवांनी दोन ढोल आणले, असं आपा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, आणि सांगताना त्यांना आनंद होत होता, कारण ढोल आणणारा मुलगा पुन्हा जाणार नव्हता. इथेच अंगणातल्या लोखंडी गॅरेजमध्ये तो लोकांच्या गाड्यांना गाणी बसवून देणार होता. आपली स्वतःची जुनी जपानी गाडी हा नमुना. लोकांनी ऐकावं, मग आपापल्या गाड्या आणाव्यात. पोरगी मात्र त्याच्याकडे जात नव्हती. फोनच्या पडद्यावर ती त्याला रोज संध्याकाळी हसून दाखवायची; प्रत्यक्षात एवढा मोठा, घामाचा वास येणारा बाप दारात उभा राहिल्यावर तिनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं ते खुपसलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली जाऊन गाडीचे गालिचे उपटायला लागला.

त्या कामात बुरुलाय त्याची मदतनीस झाली. लग्नानंतर ती दोघं एवढा वेळ एकत्र कधी राहिलीच नव्हती. तो इंजिनाच्या बाजूनं भोकातून जाड लाल वायर आत ढकलायचा आणि ती पायांच्या जागेत उताणी पडून ती ओढून घ्यायची. भोकाला रबरी कडी होती की नाही हे तो तीनतीनदा विचारायचा, कारण पत्र्याची धार वायरीला रोज थोडी थोडी खाते आणि एक दिवस आग लागते. त्यानं बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला आणि तिला समजावलं की, लोक फ्यूज मागे अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसवतात, त्यांना वाटतं तो महागाच्या डब्यासाठी आहे. तो डब्यासाठी नसतोच. तो वायरीसाठी असतो, आणि वायर तर पोरीच्या सीटखालून जाते. हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली गेला. बुरुलायला वाटलं, या माणसाला पोरीशी बोलायचं आहे आणि तो वायरीशी बोलतो आहे. विजेची वायर गाडीच्या एका कडेनं आणि गाण्याची वायर दुसऱ्या कडेनं, एकमेकींजवळ आल्या की गाण्यात घरघर शिरते. डिकीत एका जागी त्यानं रंग खरवडून पत्रा चांदीसारखा लख्ख केला आणि अर्थिंगची वायर तिथे आवळली. रंगावर आवळली तर वरून सगळं जोडलेलं दिसतं, म्हणाला, पण जोडलेलं नसतं. वूफरचा प्लायवूडचा डबा तेवढा बाकी होता. त्याचा गोंद वाळायला चार दिवस लागणार होते.

ते चार दिवस बुरुलायच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. रविवारचा भोंगा तिनं कोणाला सांगितला नाही, म्हणजे जो सगळ्यांनी ऐकला होता तोच भोंगा तिला कोणाला सांगता आला नाही. सोमवारी सकाळी एर्मेक गॅरेजमध्ये आणि आपा भाकरी आणायला गेलेल्या असताना तिनं आयपेरीला गालिच्यावर ठोकळे देऊन बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. हातात वाटी आणि चमचा. तिला एकदम लाज वाटली, चोरून काही खाताना वाटते तशी. तिनं वाटी वाजवली. आयपेरी वळली. अगदी झर्रकन वळली. बुरुलाय तिथेच खाली बसली आणि पोरीला छातीशी धरून तिच्या टाळूचे मुके घेत राहिली, म्हातारीला मनातल्या मनात शिव्या देत. मग तिचं लक्ष समोरच्या कपाटाच्या काचेकडे गेलं. काचेत खिडकी होती, खिडकीच्या उजेडात ती स्वतः होती, आणि आता तिनं हात हलवला तेव्हा काचेतलाही हात हलला. आयपेरीनं काचेकडे बोट केलं. दुपारी तिनं कपाटावर चादर टाकली. पण लाकडी फळ्यांच्या जमिनीवर तिची टाच टेकली आणि पोरगी वळली. मंगळवारी तिनं दुमडलेल्या गाद्यांवर उभं राहून पाहिलं, श्वाससुद्धा धरून, सावली पडणार नाही अशा कोपऱ्यातून. वाटी वाजली. पुन्हा वाजली. आयपेरीनं निळ्या ठोकळ्यावर लाल ठोकळा ठेवला, मग काढला, मग ठेवला. तिच्या मानेवरचे बारीक केस घामानं चिकटले होते. बुरुलायनं तिसऱ्यांदा वाटी वाजवली नाही. खेळते आहे, तंद्री लागली आहे, असं ती स्वतःला म्हणाली, आणि म्हणताना ते आपाच म्हणताहेत असं तिला ऐकू आलं.

मग मागचं एकेक वर यायला लागलं, आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी बघावी लागायला लागली. आयपेरीचा पाळणा, एर्मेक ज्यात वाढला तोच बेशिक, त्याच्या वरच्या दांड्याला आपांनी घुंगरं बांधली होती. पोर रडली की आपा दांड्यावर टिचक्या मारायच्या, घुंगरं वाजायची आणि पोर गप्प व्हायची. ऐकण्याची परीक्षा त्यांच्या घराण्यात अशीच होत आलेली. एर्मेकची झाली, त्याच्या बापाची झाली. बघ कशी ऐकते, म्हणायच्या आपा, आणि बुरुलाय मान डोलवायची. पण बेशिकमध्ये मूल पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं असतं, छातीपासून गुडघ्यांपर्यंत, लाकडाला लाकूड लागावं तसं. दांड्यावरची टिचकी त्याच्या हाडांत जाते. हे तिला कळायला हवं होतं. लग्नाआधी एक वर्ष तिनं सातवीला शिकवलं होतं, आणि ध्वनीच्या धड्याला नादकाट्याचा दांडा बाकावर टेकवून पोरांना हनुवटी बाकाला लावायला सांगितली होती. कान बंद करा, आता सांगा, येतो का आवाज? सगळ्या पोरांनी कान बंद केलेले, हनुवट्या टेकलेल्या, डोळे मोठे झालेले. येतो बाई, दातांत येतो. किती खूश झाली होती ती त्या तासाला. आणि वर्षाची झाल्यावर आयपेरीच्या पायांत काळापांढरा दोरा बांधून तो कापण्याचा, पहिल्या पावलांचा समारंभ झाला तेव्हाचं. अंगणभर माणसं, दोरा कापायला धावत येणाऱ्या बायका, ओरडा, शिट्ट्या, आणि मधोमध पायात दोरा बांधलेली पोरगी खाली वाकून स्वतःच्या बुटावरची मुंगी बघत होती. सगळे म्हणाले, केवढी धीराची. बुरुलायलाही त्या दिवशी अभिमान वाटला होता. आणि फोन. रोज संध्याकाळी एर्मेकचा चेहरा त्या काचेत उजळायचा आणि तो म्हणायचा, आयपेरी, मी ‘आता’, तुझा ‘आता’, तुझा बाप. आणि पोर खुदकन हसायची. एकदा त्याच्याकडून आवाज येत नव्हता, नुसतंच तोंड हलत होतं. पोर तशीच हसली होती. तेव्हा त्याला वेड्यात काढून ती आणि आपा पोट धरधरून हसल्या होत्या.

तिनं एर्मेकला का सांगितलं नाही? हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि दर वेळी निराळं उत्तर आलं. सांगितलं तर ते खरं होईल, हे एक. तो नुकता आलेला, त्याला पोरगी अजून मिळायची होती. मिळण्याआधीच तिच्यातलं काहीतरी काढून घ्यायचं कसं, हे दुसरं. पण खालून आणखी एक उत्तर होतं आणि ते चांगलं नव्हतं. त्याच्याशी बोलायचं तर मधले सात महिने बोलावे लागणार होते. जिना, बटाट्यांची पिशवी, धूर. लवकर कळलं की काही करता येतं, हे तिनं बुधवारी फोनवर वाचलं होतं, आणि वाचून फोन पालथा ठेवला होता. लवकर म्हणजे कधी ते वाचलंच नव्हतं.

गुरुवारी डबा वाळला. एर्मेकनं वूफर त्यात बसवले, डबा डिकीत सरकवला, वायरी आवळल्या. कामाला बसण्याआधी तो नेहमी हात पुसतो, प्रार्थनेआधी पुसावेत तसे. त्याच्या फोनमध्ये नुसतेच सूर भरलेले होते, गाणी नाहीत. एकेक सरळ सूर, त्यांना त्यानं सेकंदाला किती कंपनं त्या आकड्यांची नावं दिलेली. चाळीसचा, पन्नासचा, ऐंशीचा, आणि पुढच्या दारांतल्या छोट्या स्पीकरसाठी हजाराचा. मीटर लावून, सूर सोडून, अ‍ॅम्प्लिफायरची चक्री तो केसभर केसभर फिरवायचा, कारण जास्त झालं की आवाज फाटतो आणि वूफर जळतो. शेजारी एक दुसरी चक्री होती. तिनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की, ही चाळणी आहे. ही फक्त खालचे आवाज जाऊ देते. वरचे सगळे इथेच अडतात. माणसाचं बोलणं, पाखरं, घंटा, काही म्हणून पुढे जात नाही. बुरुलाय त्या चक्रीकडे बघत राहिली. आपा शाल गुंडाळून खाली आल्या होत्या, ढोलांचा कार्यक्रम बघायला. आयपेरी मागच्या सीटवर उभी होती, दोन्ही हात सीटच्या पाठीवर टेकून, डिकीकडे तोंड करून.

त्यानं चाळीसचा सूर सोडला. तो ऐकू येण्याआधी पोटात आला. पाटातल्या पाण्यावर रेघा उमटल्या, आपांनी छातीवर हात ठेवला, गाडीच्या मागच्या काचेवरची धूळ हळूहळू खाली सरकायला लागली. आणि आयपेरीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बुरुलायनं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिचे डोळे मोठे झाले, ओठ विलग झाले. तिनं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं, मग ते सीटवर अजून घट्ट दाबले, मग गाल टेकवला. आणि ती बोलायला लागली. अर्थ नसलेलं, लांबलचक, वरखाली होणारं काहीतरी, एखाद्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं तसं. एर्मेकनं सूर थांबवला. तिनं मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पुढे केले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तो डिकीतून आत झुकला, तिला उचललं, आणि त्याच्या खांद्यावर तिनं डोकं टेकलं. आपांच्या डोळ्यांना पाणी आलं. “घे,” त्या म्हणाल्या, “आणि ती खालची म्हातारी म्हणत होती की हिला ऐकू येत नाही. एवढे ढोल ऐकले ना हिनं?”

बुरुलायला ते घ्यायचं होतं. पुढे कितीतरी दिवस तिला तो क्षण आठवायचा, आपण कशा त्या वाक्याकडे दोन्ही हात पसरून धावलो ते. उन्हं होती, तिची पोर तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर होती, म्हातारी सासू समाधानानं रडत होती. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं असतं तर तो दिवस पुरा सुखाचा झाला असता, आणि दुसराही, आणि पोरगी दोन वर्षांची झाली असती, अडीच वर्षांची झाली असती, दर संध्याकाळी गाडीत बसून हसली असती. बेशिकच्या दांड्यावर आणखी एक टिचकी, एवढंच, फक्त या खेपेला चारशे वॉटची. तिला बाकाला टेकलेल्या हनुवट्या दिसल्या. येतो बाई, दातांत येतो.

“म्हातारीनं काय म्हटलं होतं?” एर्मेकनं विचारलं.

आपा काहीतरी सांगायला लागल्या. बुरुलायनं त्यांना थांबवलं, सासूला मध्येच थांबवण्याची तिची पहिलीच वेळ. ती म्हणाली, “मी सीटवर बसते, पोरीला माझ्या मांडीवर दे. तिचे हात कशालाही लागू देऊ नकोस. आणि वूफरच्या वायरी काढ. दारातले स्पीकर तेवढे ठेव, आणि हजाराचा सूर लाव.” तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला काय दिसलं कोण जाणे, त्यानं काही न विचारता पकड उचलली. नुकत्याच आवळलेल्या वायरी त्यानं एकेक करून सोडवल्या, त्यांची टोकं टेपनं बांधली, घाई न करता, गिऱ्हाइकाच्या गाडीतला बिघाड शोधताना करतो तसं. एकेक गोष्ट बाजूला काढत जायची, उरेल तो बिघाड. हे त्यानंच तिला शिकवलं होतं. बुरुलाय पोरीला मांडीवर घेऊन पाय अधांतरी धरून बसली, जमिनीचं काही पायांतून यायला नको म्हणून. तिनं आयपेरीच्या हातात तिचीच टोपी दिली. हजाराचा सूर कानांत टोचतो. आपांनी कान झाकले. पाटापलीकडच्या कुत्र्यानं मान वर केली. आयपेरी टोपीची गाठ सोडवत होती. एर्मेकनं आवाज वाढवला, तिच्या डाव्या दाराचा, मग उजव्या दाराचा. मग बंद केला. मग, पाठीमागून, दारं स्पीकर सगळं सोडून, स्वतःच्या आवाजात त्यानं तिचं नाव घेतलं, एकदा, फोनवर घ्यायचा तसं.

गाठ सुटली. आयपेरीनं टोपी आईला दाखवली.

आपा गॅरेजच्या उंबऱ्यावर टेकल्या. त्यांनी हात कानांवरून काढून मांडीवर ठेवले होते आणि त्या हातांकडे बघत होत्या, टिचक्या मारणाऱ्या हातांकडे. एर्मेक डिकीच्या कडेवर बसला. शेवटी तो म्हणाला, “वर्षभर मी तिच्याशी बोललो. ती नुसतं माझं तोंड हलताना बघत होती.” त्यात तक्रार नव्हती, नुसती नोंद होती, मीटरवरचा आकडा वाचावा तशी. तेव्हा बुरुलायनं त्याला जिना सांगितला, पिशवी, धूर, सोमवार, मंगळवार, पालथा ठेवलेला फोन. सांगताना तिला वाटत होतं की तो ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला की, भोंगा वाजला तेव्हा मी पण तिथेच होतो, आणि मी तर हसलो. आपा अर्चाबद्दल काही बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. उठल्या आणि पोरीला कडेवर घेऊन वर निघाल्या, आणि जिन्यात, पहिल्या मजल्यावर, त्यांची पावलं थांबलेली बुरुलायला खालून ऐकू आली. त्यांनी दार वाजवलं होतं. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पण संध्याकाळी जिनाइदा स्तेपानोव्ना एका जुन्या वहीतून फाडलेला कागद घेऊन वर आल्या. त्यावर लहान मुलांचे कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव होतं. कधीकाळची त्यांच्या संगीतशाळेतलीच विद्यार्थिनी, सुरात कधीच वाजवू शकली नाही, पण कान पक्का, म्हणाल्या. बुरुलाय माफी मागायला लागली तेव्हा त्यांनी हात झटकला. त्यांचंच चुकलं म्हणाल्या. एकदा विचारून गप्प बसायला नको होतं, दर आठवड्याला दारात उभं राहून विचारायला हवं होतं, शिव्या खाऊन.

पुढच्या मंगळवारी सगळे त्याच गाडीतून तपासायला गेले. काचेच्या खोलीत, डोक्याला तारा चिकटवलेल्या आयपेरीला झोपवून तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ काढून दाखवली: डावीकडे, खालच्या सुरांशी, थोडंसं काही होतं, मग रेघ कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. एर्मेकनं ती रेघ ओळखली. त्याच्या चाळणीची रेघ अशीच असते, म्हणाला. बाईंनी कानात घालायच्या यंत्राबद्दल सांगितलं, कदाचित शस्त्रक्रियेबद्दल, आणि वाट बघण्याची यादी किती लांब आहे तेही. मग त्यांनी सहज, दुसरं काही लिहिता लिहिता विचारलं की, तुम्हाला पहिली शंका कधी आली? बुरुलाय म्हणाली, नऊ महिन्यांची असताना. बाईंचं पेन थांबलं आणि पुन्हा चालायला लागलं. त्यांनी मान वर केली नाही, हे बुरुलाय विसरलेली नाही.

परतीच्या वाटेवर एर्मेकनं चाळीसचा सूर हळू लावला, अगदी हळू, आणि आयपेरीनं हात सीटवर टेकवला. तो पुढून काहीतरी बोलत होता, तिच्याशीच, आणि तिला ऐकू येत नाही हे माहीत असून बोलत होता. आरशात त्याचं तोंड हलताना तिला दिसत होतं. ती हसली.

बुरुलाय आता अंगणात, भाकरीच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, ज्याला त्याला एकच गोष्ट सांगते. काही बायका तिला पाहून रस्ता बदलतात. हे वाचणाऱ्यालाही तिला तेवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात, शेजारात, जिन्यात कुठे एखादं फार शांत, फार गुणी, कशानंही न उठणारं मूल असेल, तर ते खेळत असताना त्याच्या मागे जा. काचेत दिसू नका, सावली पडू देऊ नका, टाळी वाजवू नका, पाय आपटू नका. गादीवर उभं राहा. नाव घ्या, नेहमीच्या आवाजात. ते वळलं नाही तर त्याच्या आईला सांगा, आणि ती हसून वर निघून गेली, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्या दारात जा.